चुंबक

मुनेव्वरचं मनगट मोडलं फेब्रुवारीत,
पोर्सुकच्या पुलावर, बर्फात घसरून.
कांद्याच्या पातीच्या जुड्या हातातून सोडल्या नाहीत म्हणून.
सहा आठवडे प्लास्टर, डॉक्टर म्हणाला.
स्वयंपाकघर आलं माझ्याकडे,
एकतीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात
लेथ चालवलेल्या माणसाकडे.

धातू मला कळतात.
ठिणगीच्या रंगावरून पोलाद सांगायचो,
डोळे मिटून, नखाच्या टिचकीवर: हे ओतीव, हे घडीव.
अंडं मात्र कळेना.

पहिल्याच सकाळी तिच्या काळ्या गुळगुळीत पॅनमध्ये
स्टीलच्या काट्याने खरवडलं मी,
कडेची कूस काढावी तसं, जोर लावून.
"हालिस," ती खुर्चीवरून म्हणाली,
"लाकडाचे चमचे काय शोभेला टांगलेत?"
तीन चरे. लखलखीत.
आतलं जर्मल डोकावत होतं.

खिशात चुंबक टाकून बाजारात गेलो.
आमच्या नव्या घराची शेगडी काचेखाली बसते,
लोखंडाची ओळख पटल्याशिवाय तापत नाही.
दुकानभर बुडाबुडाला लावून बघत फिरलो,
चिकटला, नाही चिकटला, जरासा चिकटला आणि घसरला.
हिरव्या रुमालाची दुकानदारीण म्हणाली,
"काका, भांडं घेताय की सून बघताय?"
सुनेला एवढा वेळ लावला नव्हता, म्हटलं.

बिडाची कढई आणली. चार किलो आठशे.
तेल चोळलं, तापवली, निववली, परत चोळलं.
धुराने शेजारी दोनदा बेल वाजवून गेले.
संध्याकाळी तिच्यात माझा चष्मा दिसायला लागला.
आणि अशा कढईत मी काय घालावं?
टोमॅटो. किलोभर.
मिरची, वर अंडी, मंद आच, छान मेनेमेन,
पाऊण तास झाकून ठेवलं, चव मुरावी म्हणून.

पहिल्या घासाला मुनेव्वर थांबली.
"काय?"
"रुळाची चव आहे."
होती. एकतीस वर्षं
जेवणाच्या सुट्टीत पावाला लागायची, तीच.
मी ताटली पुसून खाल्ली. तिने नाही.

"आंबटाला तांबं," ती म्हणाली,
आणि चांगल्या हाताने वरची फळी दाखवली.
तिच्या लग्नातलं पातेलं, पालथं.
आत कल्हई उडून लाल चट्टे पडलेले.
"असंच वापरलंस तर कळकेल. आधी घेऊन जा."
"याला चुंबक चिकटत नाही."
"तुला तरी कुठे चिकटतो?"

ओदुनपाझारच्या चढावर दुरसुन उस्ताचा गाळा.
इतक्या वर्षांत मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं.
त्याचा नातू पातेल्यात अनवाणी उभा,
पायाखाली वाळू, कंबर डावी-उजवी, कानात इयरफोन.
मग निखारे. नवसागर. पांढरा, डोळे झोंबवणारा धूर.
म्हाताऱ्याने कथलाची कांडी टेकवली,
कापसाचा बोळा एकदाच फिरवला,
आणि लाल पोटात दूध सांडावं तसं
पांढरं पसरत गेलं, काठापर्यंत.
आम्हाला असल्या कामाला मायक्रोमीटर लागायचा.
हा नुसता श्वास धरून होता.
जाडी किती, मी विचारलं.
"वर्षभराची," म्हणाला.

काचेच्या शेगडीने पातेल्याला ओळख दिली नाही.
तीनदा पीं केलं, विझली.
मग बाल्कनीत, सहलीच्या गॅसवर,
कोट घालून मी ढवळत राहिलो
आणि ती दारातून सांगत राहिली,
मंद कर, आता मीठ, काटा नको, काटा नको म्हणते ना.

मार्चअखेर प्लास्टर कापलं.
तिने बारीक झालेल्या हाताने कढई उचलून बघितली,
इंचभर उचलली, ठेवली.
"ही तुझी," म्हणाली. "कांदा, मांस, भाकरी तू कर.
आंबट माझं."

चरे पडलेलं पॅन टाकलं नाही.
जिन्याखाली आहे, मांजरीच्या पाण्याला.
चुंबक फ्रिजवर,
त्याच्याखाली दुरसुन उस्ताची चिठ्ठी,
पुढच्या मार्चची.